बहिणींची मोजदाद

विश्वंभरला बोर्ली पंचतनचा सगळा मुलूख 'देवी डॉक्टर' म्हणायचा, पण तो काही डॉक्टर नव्हता. मुलांच्या दंडावर देवीची लस टोचायची आणि आठवड्याने येऊन फोड धरला की नाही ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. शिवाय संस्थानाने त्याच्या गळ्यात आणखी एक लोढणं अडकवलं होतं. अकरा गावांच्या पाटलांकडच्या जन्ममृत्यूच्या वह्या तपासायच्या आणि खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही करायची. पंधरा वर्षं तो ही सही करत आला होता. अक्षर मोत्यासारखं. मुरुडच्या आरोग्य कचेरीत त्याच्या वह्या नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवत, आणि ही गोष्ट तो महिन्या-दोन महिन्यांनी जेवताना बायकोला, आनंदीबाईंना, ऐकवत असे. त्या बिचाऱ्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करत.

सन १९३१ च्या मार्गशीर्षात एकाच दिवशी त्याच्या घरी दोन कागद आले. एक लेकीच्या सासरहून, व्याह्यांचं कार्ड होतं. अनुसूयेला दिवस गेले आहेत, आषाढात बाळंत होईल, पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी व्हावं. दुसरा कागद कचेरीचा. दरबाराने मुंबईत शिकून आलेली एक सुईण नेमायचं ठरवलं होतं. एकच. ज्या भागात बाळंतपणात बायका जास्त दगावतात तिथे तिला ठेवणार होते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या भागाचे पाच वर्षांचे आकडे पाठवायचे.

विश्वंभरने वह्या काढल्या. अकरा गावं, पाच वर्षं, बाळंतपणात मेलेल्या बायका दोन.

त्याने आकडा मोठ्याने वाचला तेव्हा आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. अनुसूयेच्या वेळी त्या तीन दिवस अडल्या होत्या. गावातल्या सुईणीने हात टेकले होते, आणि सासूने देव पाण्यात घालून ठेवले होते. पुढची तीन बाळंतपणं तशीच गेली आणि एकही मूल हाताला लागलं नाही. चौघांत उरली ती अनुसूया, आणि अनुसूयेची अंगकाठी हुबेहूब आईची. तशीच अरुंद, तशीच लहानखुरी.

"दोनांवर कोण पाठवणार आहे आपल्याकडे बाई?" त्या म्हणाल्या.

मुरुडला दवाखाना होता. पण तिथले डॉक्टर पुरुष, बाळंतिणीला ठेवायला खोली नाही, आणि आषाढात दिघीची तर, म्हणजे खाडीवरची होडी, बंद. एकदा समुद्र खवळला की खाडी ओलांडून पलीकडे राजपुरीला जाणं नारळी पौर्णिमेपर्यंत विसरायचं. म्हणजे बाई यायची तर पावसाच्या आधी यायला हवी, आणि ती बोर्लीलाच यायला हवी. 

पौषात तो लस घेऊन खारशेतला गेला. खारशेत म्हणजे पऱ्ह्याच्या पलीकडची भातशेतीची वस्ती. पऱ्ह्या म्हणजे तसा ओढाच. हिवाळ्यात त्यातून वहाणा हातात घेऊन जावं, आणि आषाढात तोच चार-चार दिवस माणसाला उतरू देत नाही. विश्वंभरची सहा गावं अलीकडे होती, पाच पलीकडे. तिथे दादू नावाच्या कुणब्याच्या अंगणात त्याने दादूचं पोर टोचलं आणि सवयीने नेहमीचा प्रश्न विचारला.

"वर्षभरात घरातलं कोणी गेलं का रे?"

"न्हाय," दादू म्हणाला.

विश्वंभर वही मिटणार, तेवढ्यात पोराला उगी करणारी दादूची बायको पदराआडून म्हणाली, "जनीवन्सं गेल्या की."

"ती घरातली व्हय?" दादूने तिला फटकारलं. "ती दिल्या घरची."

विश्वंभरने वही पुन्हा उघडली. "जनी कोण? कुठे गेली ती?"

"माझी बहीण. भादव्यात गेली. पहिलटकरीन, बाळंतपणाला आलेली." दादूने मानेने घराकडे खूण केली. "हितंच, माजघरात. पोर आडवं आलं. दोन दिस वरडत व्हती."

"आणि तू मला कोणी गेलं नाही म्हणतोस?"

दादूला रागवायचं कारणच कळेना. "तुम्ही घरातलं इचारलंत, डाक्तर. पोर दिली की तिकडची झाली. घरातलं कोन मेलं असतं तर सांगितलं न्हाय का?"

विश्वंभर तसाच पाटलाकडे गेला. अंबाजी पाटील पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वही पुढे केली. भाद्रपदाचं पान कोरं. "जनी आंबेरीला दिल्याली," अंबाजी शांतपणे म्हणाले. "तिकडचं मानूस. आंबेरीच्या पाटलानं लिवायचं." विश्वंभर उन्हातान्हात आंबेरीला गेला. तिथला पाटील म्हणाला, "बाई मेली माहेरात. आमच्या गावात मढं उठलं न्हाय, मी कशाला लिवू?" दोघेही खोटं बोलत नव्हते. दोघांच्याही वह्या चोख होत्या, दोघांच्याही खाली विश्वंभरची सुंदर सही होती, आणि जनी कुठेच नव्हती.

घरी परतायच्या ऐवजी तो पुन्हा खारशेतला वळला. दादू गोठ्यात होता. विश्वंभरने विचारलं, "तुला बहिणी किती, दादू?"

"चार," दादू म्हणाला. मग पेंढा टाकता टाकता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "भाऊबीजेला चौघी ओवाळायच्या. पाटावरनं उठायला दुपार व्हायची, पाय बधिर व्हायचे. आवडा गेली, तिला चार वर्सं झाली. मग मैना. आता जनी. औंदा एकट्या कोकिळेनं ओवाळलं. पटकन उठलो."

"तिघीही बाळंतपणात?"

"तिघीबी."

त्या रात्री विश्वंभरला झोप आली नाही, आणि ते योग्यच झालं. पंधरा वर्षं तो दारात उभा राहून एकच प्रश्न विचारत होता, आणि तो प्रश्नच आंधळा होता. सून मरते तेव्हा ती माहेरी गेलेली असते, लेक मरते तेव्हा ती परक्याची असते. आणि सून सासरी मेलीच तर वर्षाच्या आत दुसरी येते, मग मोजायला घरात कोणी कमी नसतं. बाई दोन गावांच्या मधल्या वाटेवर मरते, आणि त्या वाटेला पाटील नसतो. पण भाऊ विसरत नाही. घरातलं कोण गेलं हे विचारलं की तो नाही म्हणतो, आणि भाऊबीजेला किती जणींनी ओवाळलं हे विचारलं की एकेक नाव काढून देतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रश्न बदलला. लस टोचायला घरोघर जायचंच होतं. आता तो घरातल्या मोठ्या भावाला खाली बसवून विचारू लागला. एका आईच्या बहिणी किती, लग्न झालेल्या किती, गेल्या भाऊबीजेला किती होत्या, ज्या नव्हत्या त्या का नव्हत्या? धाकट्या भावांना मुद्दाम विचारायचा नाही, नाहीतर एकाच बहिणीची दोनदा मोजणी व्हायची. पाटील बरोबर येऊ लागले की त्यांना टाळायचा, कारण पाटील मोजक्या खात्यापित्या घरांतच नेत. प्रत्येक मेलेल्या बहिणीपुढे तो चार गोष्टी लिही: कोणतं वर्ष, कितवं बाळंतपण, भावाचं गाव, आणि जिथे प्राण गेला ते गाव. ज्या बायकांना भाऊच नव्हता, ज्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळत, त्या या हिशेबातून निसटणार हे त्याला कळत होतं. वहीच्या पहिल्या पानावर त्याने तसं लिहूनही ठेवलं. म्हणजे खरा आकडा निघेल त्याहून मोठाच असणार होता.

माणसं बोलायला लागली ती थांबेनात. दंडावर सुई टोचून घ्यायला कुरकुरणारे बाप्ये बहिणीचं नाव काढताच मऊ पडत. पऱ्ह्यापलीकडचा येसाजी नावाचा सत्तरीचा म्हातारा पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीचं सांगत बसला. पाच वर्षांतलंच हवं आहे हे त्याला सांगायचं विश्वंभरच्या जिवावर आलं. अर्धा दिवस ऐकून घेतलं आणि वहीत काही लिहिलं नाही. रोज संध्याकाळी घरी येऊन तो आकडा मांडी. नऊ. चौदा. बावीस.  समई लावताना आनंदीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत.

फाल्गुनात खारशेतला परत गेला तेव्हा दादू स्वतःहून पुढे आला. "कोकिळेला दिस गेलेत. आषाढात हितंच येनार." त्याला आनंद झाला होता की भीती वाटत होती हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. "त्या मुंबईच्या बाईचं काय झालं?"

"येईल," विश्वंभर म्हणाला. "तुझ्या बहिणींमुळेच येईल ती."

चैत्र संपता संपता यादी पुरी झाली. पाच वर्षांत चौतीस. वहीत दोन, आणि भावांच्या तोंडी चौतीस.

वैशाखात तो दिघीहून तरीने राजपुरीला गेला आणि तिथून चालत मुरुडला. आरोग्य कचेरीतले डॉक्टरसाहेब वयाने तरुण होते आणि कागदाचे पक्के. त्यांनी यादी चाळली, मग जुन्या वह्या मागवल्या आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

"वहीत दोन आहेत. खाली सही तुमची आहे, 'बरोबर आहे'. आता तुम्ही चौतीस म्हणता. मी कुठल्या विश्वंभरवर विश्वास ठेवू?"

वाटेत तरीवर विश्वंभरने या प्रश्नाची शंभर उत्तरं घोकली होती. पाटलांवर ढकलता आलं असतं, अडाणी लोकांवर ढकलता आलं असतं. पण अनुसूयेला आठवा महिना लागला होता आणि आभाळ भरायला पुरते चार आठवडेही उरले नव्हते. त्याने कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहून दिलं: 'पंधरा वर्षे मी केलेली तपासणी चुकीची होती. मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. याबद्दल होईल ती शिक्षा मला मान्य आहे.' नमुना म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अक्षरात हे लिहिताना त्याचे कान तापले होते.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग यादी पुन्हा घेतली आणि या वेळी खरोखर वाचली. प्रश्न कसे विचारले, धाकट्या भावांना का वगळलं, बिनभावाच्या बायकांचं काय, हे सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या नोकरीच्या कागदात ठपका येईल. तो मला टाळता येणार नाही. पण मोजलंय तुम्ही चांगलं. दुसऱ्या कुठल्याही भागाचा आकडा याच्या जवळपास नाही. बाई तुमच्याकडे."

विश्वंभरला बसावंसं वाटलं. खुर्ची नव्हती म्हणून तो उभा राहिला.

"मात्र तुमचा भाग पऱ्ह्याने दोन तुकड्यांत तुटतो," साहेब पुढे म्हणाले. "पावसात बाई एका बाजूलाच राहणार. जिथे जास्त मरतात तिथे ठेवू, बोर्लीला नाहीतर खारशेतला. तुमच्या यादीत दोन-दोन गावं आहेत, कारभाऱ्यांना ते कळणार नाही. बाहेर बसून स्वच्छ प्रत करून द्या. नाव, वर्ष, आणि 'मृत्यूचे गाव' एवढंच. दुपारी हुकमावर सही होईल."

कचेरीच्या ओसरीवर विश्वंभर मांडी घालून बसला. पुढ्यात कोरा कागद, दौत, आणि त्याची वही. त्याने आधी नुसती बेरीज केली. प्राण गेला ते गाव धरलं तर अलीकडे पंधरा, पलीकडे एकोणीस. बाई खारशेतला. भावाचं गाव धरलं तर अलीकडे वीस आणि पलीकडे चौदा. अलीकडच्या सात मुली पलीकडे सासरी मेल्या होत्या आणि पलीकडच्या दोघी इकडे. एवढाच काय तो फरक. वहीतला चौथा रकाना उतरवायचा की तिसरा, एवढाच काय तो प्रश्न.

आणि त्यात प्रश्न कसला? मृत्यूचे गाव म्हणजे मृत्यूचे गाव. ते शेंबडं पोरही सांगेल. विश्वंभरने पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं. तिसरं नाव खारशेतच्या मोरू कुणब्याच्या बायकोचं आलं. ती बोर्लीची मुलगी, खारशेतला दिलेली, दुसऱ्या खेपेला तिथेच गेली. टाक दौतीत बुडवून तो थांबला, आणि त्याला अनुसूयेचे पाय दिसले. गेल्या आठवड्यात ती माहेरी आली तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. आनंदीबाईंनी त्या सुजेवर बोट दाबलं होतं, खड्डा पडला होता, आणि दोघांनीही तो पाहिला नाही असं केलं होतं.

त्याने लिहिलं: बोर्ली.

मग बाकीची सहा सोपी गेली. तो मनाशी म्हणत होता, यात खोटं काय आहे? प्रत्येक नाव खरं आहे, प्रत्येक मरण खरं आहे. सांगणारा भाऊ बोर्लीचा, मग बोर्ली लिहिलं तर बिघडलं कुठे? आजवर पाटीलही असंच म्हणत आले होते हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते झटकून टाकलं. कोकिळेची आठवण आली, तीही झटकून टाकली. कदाचित पाऊस उशिरा लागेल. कदाचित तिला काही होणार नाही. दादूच्या बायकोची चार झाली होती आणि ती धडधाकट होतीच की. हातातलं सगळं बळ एकवटून त्याने प्रत पुरी केली, शाई सुकायला वाळू टाकली, झटकली आणि आत नेऊन दिली. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं होतं.

मुंबईच्या सुईण नीराबाई ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आल्या. दिघीची तर बंद व्हायच्या आधी शेवटच्या दोन-तीन खेपांतल्या एका खेपेला, एक पत्र्याची पेटी आणि छत्री घेऊन. चाळिशीच्या विधवा होत्या, कमी बोलणाऱ्या. आल्या दिवशीच त्यांनी अनुसूयेला तपासलं, मीठ बंद केलं आणि बाजेवर झोपून राहायला सांगितलं.

आषाढाच्या आठव्या दिवशी अनुसूयेला कळा लागल्या. बाहेर सरी कोसळत होत्या. सकाळ गेली, दुपार गेली. विश्वंभर ओसरीवर येरझारा घालत होता. आतून आधी अनुसूयेचा आवाज येत होता. मग तिला झटका आला आणि आवाज बंद पडला. ती शांतता त्याला सहन झाली नाही. तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला, आणि देवाला न सांगता येणाऱ्या गोष्टी सांगत राहिला. नीराबाईंनी दार लोटून एकदा उकळतं पाणी मागितलं, एकदा कंदील मागितला. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं. दिवेलागणीला मूल रडलं. त्यानंतर बऱ्याच वेळाने नीराबाई बाहेर आल्या आणि पायरीवर बसून हात धुऊ लागल्या.

"दोघंही आहेत," त्या म्हणाल्या. "मी नसते तर एकही नसतं."

विश्वंभर लहान मुलासारखा रडला. त्याला त्या क्षणी पऱ्ह्याचा पलीकडचा काठ आठवलाच नाही, आणि त्याचं त्याला पुढे जन्मभर वाईट वाटणार होतं.

सहाव्या दिवशी पाऊस जरा उघडला. सकाळी दादू आला. डोक्यावर इरलं, कमरेपर्यंत चिखल, पायाला खरचटलेलं. ओसरीच्या कडेला तो उभा राहिला, वर आला नाही.

"पान्यानं वाट दिली तसा आलो," तो म्हणाला. "कोकिळा गेली. पाच दिस झाले. पोर पोटातच ऱ्हायलं. तुमच्या बाईला न्यायला म्हनून निघालो व्हतो त्या दिशी. पऱ्ह्यानं उतरू दिलं न्हाय. काठावर बसलो, परत गेलो, तवर गेली व्हती."

विश्वंभर ओसरीच्या कडेपर्यंत आला.

"पाटलाकडं गेलो न्हाय. तो लिवत न्हाय, तुम्ही लिवता. म्हनून हितं आलो." दादूने इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. "लिवा. कोकिळा. गाव खारशेत. हितंच मेली म्हनून लिवा."

विश्वंभरने आतून वही आणली. लिहिताना पहिल्यांदाच त्याच्या अक्षरावर शाई सांडली. पस्तिसावं नाव. दादू उभा राहून पाहत होता, जणू त्याला वाचता येत होतं.

"एक इचारू? आमच्याकडं कमी मेल्या व्हत्या का, डाक्तर? मला वाटलं व्हतं आमच्याकडंच जास्त. पन तुम्ही मोजलंय, मी न्हाय मोजलं."

त्याच्या बोलण्यात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर विश्वंभरला खोटं बोलता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे जास्त मेल्या. एकोणीस. इकडे पंधरा. मी उलटं लिहून दिलं. मोरूची बायको तुझ्या घरामागे मेली, ती मी बोर्लीत लिहिली. अशा सात लिहिल्या. बाई खारशेतला यायची होती, दादू."

दादू खाली बसला.  आत बाळ कुरकुरलं आणि आनंदीबाईंनी त्याला चुचकारलं. तो आवाज दोघांनीही ऐकला.

"तुमची पोर सुटली का?" दादूने विचारलं.

"सुटली. मुलगा झाला."

"बरं झालं." ते त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि विश्वंभरला एखादी थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. "मंग आता बाईला पलीकडं पाठवा. मोरूची दुसरी बायको सरावनात हाय. येसाजीची नात हाय."

नीराबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माझा हुकूम बोर्लीचा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कठोर होता, पण तो कठोरपणा दादूसाठी नव्हता. "हुकमाचं एक वेळ सोडा. इकडे येत्या पंधरवड्यात चौघी आहेत. दोघींचे पाय सुजलेत. तुमच्या आकड्यावर मला इथे ठेवलं, आता कोणाला टाकून जाऊ तेही तुम्हीच लिहून द्या."

 दरबाराला खरा आकडा कळला तरच दुसरी बाई मिळण्याची आशा, आणि दिघीची तर नारळी पौर्णिमेशिवाय सुटत नव्हती. पौर्णिमा पडणार अर्ध्या श्रावणात. मोरूची दुसरी बायको श्रावण लागता लागताच बाळंत व्हायची होती. पण खाडीला वळसा घालून पायवाट होती. म्हसळ्यावरून, डोंगरातून, चार नद्या उतरून. पावसात त्या वाटेने कोणी जात नसे.

त्याने नवा कागद घेतला. चौतीस नावं पुन्हा लिहिली, प्रत्येकीपुढे प्राण गेला ते गाव. मग पस्तिसावं. खाली लिहिलं की आधीची प्रत मी जाणूनबुजून खोटी केली, आणि का केली तेही लिहिलं. नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही. आनंदीबाई उंबऱ्यात आल्या आणि त्याच्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला.  आत जाऊन त्यांनी भाकरी बांधायला घेतल्या.

"वाचा," दादू म्हणाला.

विश्वंभरने सगळी यादी वाचून दाखवली. प्रत्येक नावाला दादू मान हलवत होता. मोरूच्या पहिल्या बायकोचं गाव आलं तेव्हा त्याने विश्वंभरला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

"मी आत्ताच निघतो," विश्वंभर म्हणाला. "म्हसळ्यावरून वळसा घालून जातो. सहा दिवसांत मुरुडला पोचेन." त्याने कागद मेणकापडात गुंडाळला आणि सदऱ्याच्या आत घालायला गेला.

दादू उठला. इरलं डोक्यावर चढवलं आणि हात पुढे केला.

"मीबी येतो. वाट मला ठावी हाय," तो म्हणाला. "कागद माझ्याजवळ द्या."

विश्वंभरने त्याच्याकडे पाहिलं. दादूचा हात तसाच पुढे होता. रागाने नाही, नुसता पुढे. विश्वंभरने मेणकापडाची गुंडाळी त्या हातावर ठेवली आणि त्याच्या मागोमाग अंगणात उतरला.